तीस सप्टेंबरला जी मुलं गावात नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या पंधरवड्यात तुमच्या पेपरात कमी पटाच्या शाळांची बातमी आली होती, सोबत कुठल्या शाळेत किती मुलं त्याचा तक्ता पण होता. आमच्या गावच्या वरच्या वाडीची शाळा त्या तक्त्यात आहे. वाचल्यापासून डोक्यातनं जात नाही म्हणून लिहायला बसले. मी देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात ३३ वर्षं अंगणवाडी सेविका होते, आता रिटायर होऊन दोन वर्षं झाली. पत्र जरा लांब होईल पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

तक्त्यातला आकडा खोटा नाही हे आधीच सांगते. ३० सप्टेंबरला वर्गात जेवढी पोरं होती तेवढी गुरुजींनी लिहिली. सगळ्या राज्यात शाळांचा पट त्याच तारखेचा धरतात, यूडायसला म्हणजे सरकारच्या शाळांच्या माहितीसाठ्याला तोच जातो, त्याच्यावर संचमान्यता होते म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरतं, आणि मग त्या एका दिवसाच्या आकड्यावर पुढचं वर्षभर सगळं चालतं. आता तुम्ही कोकणातले, सप्टेंबरअखेर आपल्याकडे काय असतं ते तुम्हाला मी काय सांगायचं. भात पसवलेलं असतं, पाऊस पुरता गेलेला नसतो, कलमांच्या बागांत गवत कमरेएवढं आणि आत माणूस नाही, चिऱ्याच्या खाणीत पाणी साचलेलं त्यामुळे खाणी बंद. बागेत राखणीला येणारी नेपाळी कुटुंबं येतात दिवाळीच्या पुढेमागे, बायकापोरांसकट येतात आणि बागेतल्या खोपीत राहतात, पार आंबा संपेपर्यंत. खाणीवर कर्नाटकातनं माणसं येतात ती पण पाऊस थांबल्यावरच आणि मिरगाच्या आधी जातात. म्हणजे जी मुलं वर्षातले सहा-सात महिने आमच्या गावात जेवतात, झोपतात, आजारी पडतात, ती मोजायच्या दिवशी गावात नसतात, आणि ज्या गावाला परत जातात तिथेही त्यांचा शाळेतला वर्ग अर्धवटच होणार, हे सांगायला कुठल्या मोठ्या अभ्यासाची गरज नाही.

तिकडे रायगडात उलटी तऱ्हा. कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात. ३० सप्टेंबरला मूल पटावर असतं, हजर असतं, सगळं बरोबर असतं, आणि नोव्हेंबरपासून ते मूल भट्टीवर. कागदावर आहे आणि वर्गात नाही. आमच्याकडे वर्गाबाहेर आहे आणि कागदावर नाही. एकच तारीख, आणि दोन्हीकडे चुकते.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, महिला बालविकास खात्याने स्थलांतराची नोंद ठेवायला वेगळं ॲप पण काढलं होतं, शाळाबाह्य मुलं शोधायच्या मोहिमा निघतात. २०२२ ला जी मोहीम निघाली, मिशन झिरो ड्रॉपआऊट नावाची, तिच्या तारखा होत्या ५ ते २० जुलै. जुलैत! आमच्याकडे जुलैत बागेत कोण असतं? गुरुजी आणि आम्ही छत्र्या घेऊन चिखलातनं घरोघर फिरलो, शाळाबाह्य मूल एक पण सापडलं नाही, तसा अहवाल दिला, तो खरा होता. पण तेच घरोघर फिरणं आम्ही जानेवारीत केलं असतं तर नुसत्या आमच्या गावात हाताच्या बोटांवर मावली नसती इतकी मुलं मिळाली असती.

मी हे अंदाजाने बोलत नाही. माझ्याकडे वही आहे. सरकारी रजिस्टरं अकरा होती ती वेगळी, ही माझी स्वतःची, दोनशे पानी, बाजारातनं आणलेली. १९९८-९९ पासून मी त्यात दर महिन्याला गावात प्रत्यक्ष असलेली सहा वर्षांखालची सगळी मुलं लिहायचे, गावची असो बागेवरची असो खाणीवरची असो. चाकरमान्यांची पोरं गणपतीला आणि मे महिन्यात येतात ती पण लिहायचे, वेगळ्या शाईने. एक वही संपली की दुसरी, अशा चार झाल्या. त्यात बघितलं तर सप्टेंबरला ११ मुलं आणि पुढच्या जानेवारीला १९ असं एका वर्षीचं आहे, दुसऱ्या वर्षी १३ ची २२. दरवर्षी साधारण तोच चढउतार. आणि आहार मागवताना आकडा धरायचा तो आधीच्या तिमाहीचा, म्हणजे पावसाळ्यातला.

एक गोष्ट सांगते, ही मी कुणाला फारशी सांगितलेली नाही. एका वर्षी पौष महिन्यात सकाळी गरम आहार वाटत होते, तेव्हा बागेवरची एक नेपाळी बाई दारात येऊन उभी राहिली, कडेवर मुलगी. दोन वर्षांची म्हणाली, मला दीडची वाटली. मुलगी रडत नव्हती, इकडेतिकडे बघत पण नव्हती, आईच्या खांद्यावर मान टाकलेली. आमच्याकडचं एवढं पोर नवीन जागी आलं की एकतर भोकाड पसरतं नाहीतर खेळण्यांकडे धाव घेतं. मी टोपातला डाव तसाच ठेवला आणि आधी टेप काढली. दंडाचा घेर मोजायची ती कागदी पट्टी असते, हिरवा पिवळा लाल रंग असलेली, साडेबारा सेंटिमीटरच्या वर ठीक, साडेअकराच्या खाली गेलं की तीव्र कुपोषित. हिचा भरला ११.२. परत मोजला, तेवढाच. मग टांगायच्या काट्यावर वजन केलं, झोळीत घातली तरी रडली नाही.

मी वर फोन केला तेव्हा पहिला प्रश्न आला आईचं आधार आहे का. नाही म्हटलं तर म्हणाले मग आत्ता ॲपला घेऊ नका, बघू पुढे काय ते. घरी न्यायचा आहार म्हणजे टीएचआर यादीप्रमाणेच आलेला, जास्तीचं एक पाकीट नव्हतं. खिचडी शिल्लक असायची त्यातनं तिला दिलं, घरनं अंडी नेली, मदतनीस बाईने तिच्या म्हशीचं दूध आणलं, आणि तिसऱ्या दिवशी मी स्वतः एसटीने तिला आणि तिच्या आईला दवाखान्यात घेऊन गेले. सुधारली हो. मार्चमध्ये दंड बारापर्यंत आला, होळीला आली तेव्हा माझ्या पदराला धरून ओढत होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती माणसं गेली आणि पुढच्या दिवाळीत त्या बागेत दुसरंच कुटुंब आलं. ती मुलगी पुढे कशी आहे ते मला आजपण माहीत नाही.

आणि त्या पौष महिन्याच्या मासिक अहवालात आमच्या अंगणवाडीत तीव्र कुपोषित मुलं किती तर शून्य. खाली माझी सही.

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे ते शून्य कुठे जातं ते लोकांना कळलं पाहिजे. माझं शून्य बीटमध्ये म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटात जातं, बीटचं प्रकल्पात, प्रकल्पाचं जिल्ह्यात, मग जिल्ह्याच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं कोकणात कुपोषण नाही, मग त्यावर साहित्य ठरतं, माणसं ठरतात, पैसे ठरतात. कुणी खोटं बोललं नाही तरी खोटं चित्र तयार होतं. आणि कधीकधी बोलतात पण. लाल रंगातलं मूल दाखवलं की महिन्याच्या मीटिंगला सेविकेला उभं करून विचारतात तुमच्याकडेच कसं वाढलं, तुम्ही काय करत होता. दोन वेळा असं झालं की तिसऱ्या वेळी बाई काटा जरा पुढे वाचते. मी हे बघितलंय, त्या बायकांना मी नावं ठेवणार नाही, पण मूल मात्र त्या दोनशे ग्रॅमात अडकून राहतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी राज्यात ठिकठिकाणी गावोगाव मोजून दाखवलं होतं की सरकारी नोंदीत असतात त्यापेक्षा खरे बालमृत्यू कितीतरी जास्त आहेत, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. मोजण्यासाठी बक्षीस सोडाच, निदान शिक्षा तरी नको, एवढं साधं आहे ते.

बरं, मोजून काय होतं असं कुणी म्हणेल. त्याच बंग दांपत्याने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघरी तपासणी केली, दरेक जन्म दरेक मृत्यू लिहून ठेवला, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, ते १९९९ ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आलं. त्यातूनच पुढे २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जायला लागल्या. आज आमच्या गावात दवाखान्यात बाळंत होऊन आलेल्या पोरीकडे आशा ४२ दिवसांत सहा वेळा जाते, ती कुठल्या वहीतनं आली ते आमच्या आशाला पण माहीत नव्हतं, मी सांगितलं तेव्हा कळलं.

पण गडचिरोलीला कशाला जायचं, आपल्या महाडचंच बघा. १९७६ ला डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तरुण डॉक्टर म्हणून आले. लाल विंचू चावून माणसं मरायची, त्यात लहान पोरं जास्त, चावलेल्या शंभरातले चाळीस जायचे. लोक म्हणायचे विंचू उतरवायला न्या, दवाखान्यात नेऊन काय उपयोग. त्यांनी काय केलं तर रोग्याच्या खाटेशी बसून राहिले, रात्र रात्र. किती वाजता चावला, घाम कधी सुटला, हातपाय थंड कधी पडले, ब्लडप्रेशर किती, छातीत पाणी कधी झालं, सगळं तासातासाचं लिहून ठेवलं. त्या नोंदींतून त्यांना कळलं की विषाने हृदयावर काय होतं, आणि मग ब्लडप्रेशरचं साधं गोळीतलं औषध, प्राझोसिन, ते देऊन बघितलं. मरणाचं प्रमाण चाळीसवरून एकावर आलं. लॅन्सेटमध्ये छापून आलं, जगभर वापरलं गेलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली. माझ्या माहेरी मंडणगडकडे आमच्या शेजारचा एक मुलगा विंचू चावून वाचला तो त्याच औषधाने, त्याची आई देवाला कौल लावत बसली होती आणि मुलगा सकाळी उठून पेज मागायला लागला. मुद्दा असा की ते संशोधन दिल्लीत ठरून महाडला आलं नाही. जिथे मुलं मरत होती तिथल्याच डॉक्टरने, तिथल्याच मुलांकडे बघून, वही पेन घेऊन केलं.

आणि अंगणवाडी हा शब्दसुद्धा आपल्याच किनाऱ्यावरचा आहे. १९४५ ला बोर्डीला ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. बालवाडी काढली तर गरिबाघरची मुलं येईनात. ताराबाईंनी आयांना दोष दिला नाही, मुलं का येत नाहीत ते जाऊन बघितलं आणि बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली, म्हणून अंगणवाडी. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा, गुरं जिथे चरतात तिथे शाळा. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती १९७५ ला, २ ऑक्टोबरला, त्याच्या तीस वर्षं आधीचं हे. ट्रेनिंगला आम्हाला हे शिकवलं होतं आणि मला ते मनापासून पटलेलं. कुरणात शाळा जाऊ शकते तर आंब्याच्या बागेत का नाही?

आता मोठ्या सर्वेबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पेपरात येतात, २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांत ३५ वयाच्या मानाने बुटकी, ३६ कमी वजनाची, २५-२६ उंचीच्या मानाने बारीक. त्याच्या आधीची २०१५-१६ ची पाहणी, तिच्यात पण जवळपास हेच. म्हणजे मधल्या वर्षांत आपण काय करत होतो हा प्रश्न विचारायला हे आकडे फार उपयोगाचे आहेत, आणि सुधारणा होऊ शकते हे पण अशाच पाहणीतून कळलं, २००५ ला राज्यात राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं, मुलाच्या पहिल्या दोन वर्षांवर जोर दिला, आणि दोन वर्षांखालच्या मुलांमधलं बुटकेपण २००५-०६ ला ३९ टक्के होतं ते २०१२ च्या राज्याच्या पाहणीत २४ च्या आसपास आलं. पण असल्या पाहणीत एका जिल्ह्यातली साधारण नऊशे घरं येतात. त्यावरून राज्याचं कळतं, जिल्ह्याचं अंदाजे कळतं, माझ्या वाडीचं काहीच कळत नाही. शिवाय २०१९-२१ च्या त्या पाहणीचं महाराष्ट्रातलं काम झालं जून ते डिसेंबर २०१९ मध्ये. आंब्याचा आणि खाणीचा मुख्य हंगाम त्यात आलाच नाही. ती चूक म्हणत नाही मी, एवढ्या मोठ्या देशात कुठलातरी महिना धरावा लागणारच. पण म्हणून वाडीचं नियोजन त्याच्यावर करता येणार नाही, त्याला वाडीचीच वही पाहिजे.

जनगणनेचं तर काय बोलायचं. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. त्यानंतर मोजलंच नाही, आता २०२७ ला धरलीय. २०११ ला जन्मलेलं मूल आज दहावीच्या उंबऱ्यावर आलं.

मुलं कमी झालीत हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. चार पोरांची शाळा काही झालं तरी चालूच ठेवा असं माझं म्हणणं नाही. एकटं पोर एकट्या मास्तरांसमोर बसलेलं मी बघितलंय, त्यात त्या पोराचं भलं नाही, त्याला भांडायला पण कुणी नाही. २०२३ ला वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं निघालं तेव्हा राज्यात अशा जवळजवळ पंधरा हजार शाळा निघाल्या होत्या, त्यात कोकणातल्या वाडीवाडीच्या शाळा भरपूर असणार हे उघड आहे. आपली वस्तीच तशी, एक वाडी खाडीकाठी, एक सड्यावर, एक डोंगराच्या पल्याड. पण बंद करायची की नाही हे ठरवताना निदान तीन गोष्टी बघा ना. जानेवारीत त्या वाडीत सहा ते चौदाची खरी मुलं किती. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, ते किलोमीटर नकाशावर मोजलं की पायाने. आणि वाटेत पाणी आहे का.

आमच्या वरच्या वाडीचंच घ्या. जवळची दुसरी शाळा कागदावर नऊशे मीटर. मधे व्हाळ म्हणजे ओढा आहे आणि व्हाळावर साकव, पायी जायचा छोटा पूल. पावसात मोठं पाणी आलं की साकवावरनं पाणी जातं, त्या दिवशी पोरांना वळसा घालून रस्त्याने जायचं तर तीन किलोमीटरच्या वर. असे दिवस किती हे मी वहीत दोन पावसाळे लिहिले होते, शाळेतल्या बाईंनी हजेरीपटाशी जुळवून पण बघितलं, आणि साकव पाण्याखाली असलेल्या दिवशी व्हाळापल्याडची पोरं गैरहजर. त्यात आश्चर्य काही नाही, पण लिहिलेलं होतं म्हणून ग्रामसभेत मांडता आलं आणि दोन वर्षांनी साकवाचे कठडे तरी झाले. उंची अजून वाढवलेली नाही. शाळांचं अंतर आता जीआयएसवर म्हणजे कॉम्प्युटरच्या नकाशावर मोजतात म्हणे, चांगलंच आहे, त्यात साकव पण टाका, आणि तो किती पावसात बुडतो ते पण टाका, एवढंच.

मोबाईलबद्दल पण बोलायला हवं. माझा ॲपला विरोध नाही, अकरा रजिस्टरं लिहून हाताला घट्टे पडलेली बाई आहे मी. पण २०२१ ला पोषण ट्रॅकर आला तेव्हा इंग्रजीत, सातवी-दहावी शिकलेल्या सेविकांनी काय करायचं? राज्यभर बायकांनी मोबाईल परत केले तेव्हा कुठे लक्ष गेलं. आता आहार घेताना चेहरा दाखवायचा नियम आलाय. माझ्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, भराभर करते सगळं, पण आमच्या अंगणवाडीत रेंज नाही, ती लाभार्थी आयांना घेऊन सड्यावर चढते, वडाच्या झाडाखाली एक दांडी रेंज येते तिथे उभं राहून एकेकीचा फोटो. सहा महिन्यांची गरोदर बाई चढण चढून फोटोला येते. जी चढू शकत नाही तिची नोंद राहते. मग वर दिसतं की हिने आहार नेला नाही, आणि पुढे कधीतरी त्याचा अर्थ लावला जाईल की इथे मागणी कमी आहे.

आणि सगळ्यात वाईट वाटतं ते म्हणजे एवढं सगळं गोळा होऊन वर जातं आणि खाली काही म्हणजे काही येत नाही. ३३ वर्षांत मी पाठवलेल्या माहितीवरून तयार झालेला एक कागद माझ्या हातात कधी आला नाही की बघा बाई, तुमच्या गावात या पाच वर्षांत असं असं झालं, शेजारच्या गावात तसं झालं, तुमची मुलं जुलै-ऑगस्टमध्ये वजनाला घसरतात तर तेव्हा हे करून बघा. जुलै-ऑगस्टमध्ये घसरतात हे माझं मीच वहीवरून शोधलं. जुलाब, सर्दीताप, घरात भाजी नाही, मासेमारी जून-जुलैत बंद त्यामुळे म्हावरं नाही, आया दिवसभर लावणीला. ते कळल्यावर मी जूनच्या सुरुवातीलाच ओआरएसची पाकिटं मागून घ्यायला लागले आणि लावणीच्या दिवसांत अंगणवाडी सकाळी लवकर उघडायला लागले. घसरण थांबली नाही पण कमी झाली. वही नसती तर मला ते कळलं नसतं.

शाळेच्या आरोग्य तपासणीची टीम येते त्यांचं पण तसंच. बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ ला सुरू झाला तो पण आपल्या पालघरलाच, अंगणवाडीत वर्षातनं दोनदा डॉक्टर येतात, फार चांगला कार्यक्रम आहे, हृदयाला भोक असलेली दोन पोरं माझ्या काळात त्यांनीच शोधली आणि ऑपरेशन पण झालं. पण त्यांच्या दोन फेऱ्यांतली एक तरी जानेवारी-फेब्रुवारीत ठेवा आणि गाडी बागेपर्यंत न्या, एवढं करायला वेगळा पैसा लागत नाही. तारीख बदलायची आहे.

म्हणजे माझं मागणं सोपं आहे. ३० सप्टेंबरचा आकडा घ्या, पण जानेवारीअखेरचा पण घ्या, आणि कोकणासाठी शिक्षक, आहार, तपासणी ठरवताना दोन्ही समोर ठेवा. आधार नसलं तरी मूल मोजा. शाळेत पण आधार जुळल्याशिवाय विद्यार्थी संचमान्यतेला धरत नाहीत, नेपाळच्या मुलाकडे आधार येणार कुठून? कायदा तर म्हणतो जन्माचा दाखला नसला तरी प्रवेश नाकारू नका. आमच्या गुरुजींनी अशी पाच मुलं वर्गात बसवली होती, शिकवली, त्यांच्या वह्या तपासल्या, पुस्तकं जुन्या मुलांची गोळा करून दिली, आणि पटावर ती पाच मुलं नाहीतच. सेविकेला लाल मूल दाखवल्याबद्दल बोलणी बसणार नाहीत असं लेखी काढा. आणि गावची माहिती वर्षातनं एकदा गावाला परत द्या, ग्रामसभेत वाचून दाखवा, मराठीत, एका पानावर.

ग्रामसभेवरून आठवलं. मागच्या वर्षी मी हा विषय तिथे काढला तर एक वडीलधारे म्हणाले, "ती आमची पोरां न्हय गो बाय, पाऊस इलो की जातली." मी म्हटलं, "पण आता हय असत मां?" त्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्याच माणसाने, त्यांची स्वतःची दीडशे कलमं आहेत, सांगितलं की माझ्या बागेतली तीन पोरं लिहून घे. दुसऱ्याने दोन सांगितली. त्या सभेत बसल्या बसल्या नऊ नावं झाली. बागायतदार वाईट माणसं नाहीत, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

तर यंदा आम्ही ठरवलंय. मी, नवीन सेविका, आशाताई, शाळेतल्या बाई आणि कॉलेजला जाणाऱ्या तीन मुली, २० जानेवारीपासून आठवडाभर प्रत्येक बाग, प्रत्येक खाण, धक्क्यावरच्या खोल्या, सगळीकडे फिरून शून्य ते चौदाची मुलं मोजणार, दंड मोजणार, शाळेत जातं का ते लिहिणार. मूळ वह्या माझ्याकडेच राहतील, त्यात लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत त्या बाहेर जाणार नाहीत, पण नावं न घालता सप्टेंबर आणि जानेवारीचे आकडे एका कागदावर काढून पंचायत समितीला आणि तुमच्या पेपरला पाठवीन. शिक्षण आणि बालविकास खात्याच्या साहेब लोकांपैकी कुणाला सोबत यायचं असेल तर तालुक्याहून वस्तीची गाडी संध्याकाळी येते, राहायची सोय माझ्याकडे होईल. पायात चप्पल जाड घाला, बागेत कुसळं फार आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग